विहिरीकडचं टेबल

हॉटेल पानवेल,
राजोडी रस्ता, वसई
१२ जानेवारी २००३

प्रिय लूर्डस,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, अधूनमधून काढून बघते. तुला फोनच केला असता, पण फोन काउंटरवर आणि जिच्याबद्दल बोलायचं ती काउंटरभोवतीच घुटमळत असते. म्हणून पत्र.

माझी धाकटी जाऊ स्वप्ना. आमच्या चंद्रहासच्या धाकट्या भावाची, विघ्नेशची बायको. तू मस्कतला असल्यामुळे लग्नाला नव्हतीस. विरारला चंदनसारची, वडील सरकारी नोकरीत, फ्लॅटमध्ये वाढलेली. केळीचा घड कसा उतरवतात ते ठाऊक नाही, पण कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा कोर्स केलाय. गेल्या सोमवारी जेवताना सासऱ्यांना म्हणाली, "नाना, हॉटेलला एक सॉफ्टवेअर घेऊया ना. काउंटरवर ऑर्डर टाइप केली की आत किचनमध्ये चिठ्ठी छापून येते. ओरडायला नको."

ओरडायला नको. हे ती माझ्याकडे बघून म्हणाली की नाही, याचा मी आठवडाभर विचार करतेय.

तुला माहीतच आहे, नानांनी पुढच्या पानवेली काढून चार टेबलं मांडली, तेव्हापासून त्या खुर्चीवर मी बसते. सतरा वर्षं झाली. आता बारा टेबलं आहेत आणि एकालाही आकडा नाही. दारातलं, तुळशीकडचं, फादरांचं, आणि चर्चमधली मिस्सा संपवून तू येऊन बसायचीस ते विहिरीकडचं. वेटरने येऊन सांगायचं, मी आत हाळी द्यायची. कोणाला तिखट चालत नाही, कोणाच्या घरी सुतक आहे, सगळं मला ठाऊक. "आमच्या मीराच्या डोक्यात अख्खं हॉटेल आहे," असं नाना येईल त्याला सांगायचे. त्या दिवशी मात्र भाताचा घास घेत म्हणाले, "बघूया की. डोकं काय, आज आहे, उद्या नाही."

मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, आता जरा बरं वाटतंय.

पुढच्या महिन्यात दोन कंपन्यांची माणसं येणार आहेत, एक अंधेरीचा, एक इथलाच वसई स्टेशनजवळचा. तू आठ वर्षं तिथल्या रेस्टॉरंटमध्ये कॉम्प्युटरवर बसतेस. तेव्हा मला चांगलं सॉफ्टवेअर कोणतं ते सांगू नकोस. दोन्ही वाईट कशी, तेवढं सांग. पत्र हॉटेलच्याच पत्त्यावर पाठव. टपाल पहिल्यांदा माझ्याच हातात येतं.

तुझी,
मीरा


मस्कत
२८ जानेवारी २००३

प्रिय मीरा,

जावा जावा, उभा दावा म्हणतात ते तुमच्या घरी इतकी वर्षं एकच सून असल्यामुळे राहिलं होतं. आता हौस फिटली असेल.

न बघितलेल्या दोन कॉम्प्युटरच्या पेट्यांना मी इथून नावं कशी ठेवू? त्यापेक्षा मी सांगते ते त्या माणसांना विचार. लाइट गेली की अर्ध्यावरच्या ऑर्डरी राहतात की जातात. सकाळी मासळी काय मिळाली त्यावर तुमचा फळा रोज बदलतो, तर ती पदार्थांची यादी आपल्याला बदलता येते की दर वेळी त्यांच्या माणसाला बोलवायचं. किचनमधली चिठ्ठी मराठीत निघते का, कारण तुमच्याकडे आत इंग्रजी वाचणारं कोणी नाही. आणि बिघडलं तर रविवारी दुपारी, गर्दीच्या वेळी, कोण येणार. जो याची सरळ उत्तरं देईल त्याचं घ्या. जो आधी स्क्रीनवरचे रंग दाखवेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

इथलं काय सांगू? दहा तास स्क्रीनसमोर असते. गिऱ्हाईक आकड्याने येतं आणि आकड्याने जातं. पावतीच्या तळाशी "कॅशियर ४" असं छापून येतं, ती मी. परवा एका माणसाने मला "फोर मॅडम" अशी हाक मारली. हसू आलं, आणि मग आलं नाही.

तू खुर्चीची काळजी करू नकोस. आणि स्वप्नाला माझा पत्ता देऊन ठेव. यंत्र आलं की तिला शंका येतील, मला विचारू दे. मुलीला काही येत असेल तर त्यात वाईट काय आहे?

तुझी,
लूर्डस


हॉटेल पानवेल
२० फेब्रुवारी २००३

प्रिय लूर्डस,

तू माझी मैत्रीण आहेस की तिची? पत्ता मी मुळीच देणार नाही. नाना तिचे झाले, वेटर तिचे होत चालले, आता तूही तिला देऊन टाकू?

तुझे प्रश्न मात्र विचारले. पाठ करून गेले होते. दोघं समोर बसलेले, नाना मध्ये, आणि मी असा चेहरा केला होता की जन्मभर सॉफ्टवेअरच घेत आलेय. अंधेरीवाल्याने रंगीत चित्रांची बटणं दाखवली. चिठ्ठी मराठीत निघते का विचारल्यावर "ते लवकरच येईल" म्हणाला आणि कपाळ पुसलं. वसईवाला साधा माणूस. लाइट गेली तर बॅटरीवर चालेल, यादी तुमची तुम्ही बदला, चिठ्ठी मराठीत, आणि राहायला सोपाऱ्यात, तेव्हा रविवारी मीच येतो म्हणाला.

स्वप्नाच्या मनात अंधेरीवाल्याचं होतं, पण ती लगेच म्हणाली, "वहिनींचे प्रश्न बरोबर होते. आपण वसईचंच घेऊ." त्यावर नाना काय म्हणाले असतील? "बघा, पोरीने केवढा मोठेपणा दाखवला." प्रश्न माझे आणि मोठेपणा तिचा. बरं, प्रश्न तरी माझे कुठे? ते तुझे, हे मी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे जे यायला नको होतं ते मीच निवडून आणलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

आता पेटी आलीय. माझ्या समोरची बडीशेपेची ताटली हलवून तिथे ठेवलीय. स्वप्नाने टेबलांना आकडे दिलेत. दारापासून एक ते बारा. प्रत्येक टेबलाच्या कडेला लाल चिकटपट्टीवर आकडा. थॉमस ऑर्डर घेतो, म्हणून त्याच्याकडून तक्ता घोकून घेतलाय. विहिरीकडचं पाच, फादरांचं नऊ. थॉमस या वयात पाढे म्हणत फिरतोय. फेबियन ताटं नेतो, त्याला तर सोपंच, चिठ्ठीवरचा आकडा बघायचा आणि त्या पट्टीच्या टेबलावर ताट ठेवायचं.

सगळं झाल्यावर तिने मला विचारलं, "वहिनी, काही राहिलं का हो?"

मी म्हटलं, "तुला सगळं येतं बाई."

१६ मार्चच्या रविवारी सुरू करणार आहेत, तोवर माझीच हाळी. नानांनी कौतुकाने आपल्या बहिणीला, नर्मदाआत्याबाईंनाही जेवायला बोलावलंय. रविवारचं रविवारी बघू.

तुझी,
मीरा


मस्कत
९ मार्च २००३

प्रिय मीरा,

पत्र काल मिळालं. "रविवारचं रविवारी बघू" या वाक्याशी मी थांबले.

रविवारी सकाळी तुम्ही सगळी टेबलं अंगणात काढून फरशी धुता ना? मी मिस्साहून यायचे तेव्हा तू साडी खोचून विहिरीचं पाणी ओतत असायचीस. आणि मग जे टेबल हाताला येईल ते जिथे जागा असेल तिथे. सगळी टेबलं सारखी, कोणाला फरक पडतो? पण आता आकडे टेबलांना चिकटलेत आणि थॉमसने जागा पाठ केल्यात. फरशी धुतल्यावर विहिरीकडे नऊची पट्टी आली तरी थॉमस तिला पाचच म्हणणार आणि फेबियन ताट घेऊन पाचची पट्टी शोधत जाणार. स्वप्नाला ठाऊक नसेल. तिच्या डोळ्यांसमोर कधी फरशी धुतली असेल, पण ते लक्षात यायला सतरा वर्षं लागतात. तू विसरणारी नाहीस. तिला सांगितलंस ना? हे पत्र सोळा तारखेच्या आत पोचणार नाही, तरी लिहितेय.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी इथे आले तेव्हा काउंटरवर कुट्टी म्हणून एक मल्याळी गृहस्थ होते. तुझ्यासारखेच, सगळं डोक्यात. कॉम्प्युटर आला, मी शिकले, आणि एके दिवशी मालकाने त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. आदल्या दुपारी कुट्टींनी मला शेजारी बसवून कोणतं गिऱ्हाईक काय मागतं, कोणाशी वाद घालायचा नाही, सगळं एका कागदावर लिहून दिलं. त्यानंतर त्यांना मागे कोठारात पाठवलं. मी रोज कोठारावरून जायचे आणि आत डोकावायचे नाही. काय बोलणार? वर्षभराने ते गावी गेले. कागद अजून माझ्याकडे आहे.

तू मला सांगत होतीस ती स्वप्ना मीच होते, मीरा. आणि तुला हेवा वाटतो तसा मलाही वाटतो, तुझा. तुझ्या बारा टेबलांना नावं आहेत.

तुझी,
लूर्डस


हॉटेल पानवेल
१८ मार्च २००३

प्रिय लूर्डस,

तुझं पत्र अजून नाही. वाट न बघता लिहितेय, कारण बातमी मोठी आहे. पेटी परत चालली.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे टेबलं अंगणात काढली, फरशी धुतली, टेबलं आत लावली. स्वप्ना पेटीला हार घालत होती. बारा वाजता गर्दी झाली. आत्याबाई विहिरीकडच्या टेबलावर बसल्या, खिडकीतून वारा येतो म्हणून. थॉमसने सांगितलं, "पाच नंबर, वालाचं बिरडं." स्वप्नाने टाइप केलं, आत चिठ्ठी आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फादरांच्या जागी बोरिवलीची मंडळी होती, त्यांनी कोलंबी घातलेलं बिरडं मागितलं. थॉमस म्हणाला, "नऊ."

विहिरीकडे त्या दिवशी नऊची पट्टी आली होती. फादरांच्या जागी पाचची.

आपलं बिरडं तुला माहीत आहे. वरून नारळाचा रस्सा, खाली वाल. कोलंबी घातली तरी ती तळाशी बसते, बघून कळत नाही. आत्याबाई चाळीस वर्षांच्या माळकरी. दोन घास खाल्ले, तिसऱ्याला वाटीत कोलंबी दिसली. गळ्यातली माळ हातात धरून उठल्या आणि विहिरीवर जाऊन चूळ भरत राहिल्या.

मग एकच गोंधळ. बोरिवलीवाले कोलंबी कुठे म्हणून विचारताहेत. फेबियन म्हणतो, "मी पट्टी बघून ठेवली, माझी काय चूक? पाचने पानी मागितलं ते पन पाचलाच दिलं." थॉमस म्हणतो, मी तक्ता सांगितला. नाना सगळ्यांदेखत स्वप्नाला म्हणाले, "बाई, तुझं यंत्र तुझ्या माहेरी ठेव." ती एवढंच म्हणाली, "चूक माझी. मी आकडे टेबलांना लावले, जागांना लावायला हवे होते." संध्याकाळी बॅग घेऊन चंदनसारला गेली. विघ्नेश माझ्याशी बोलत नाही. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

बडीशेपेची ताटली मी परत जागेवर ठेवली. पहिली हाळी दिली तेव्हा आवाज असा खणखणीत लागला की शेवटच्या टेबलावरचे लोक वळले. मला आनंद झाला, लूर्डस. खोटं कशाला बोलू? नंतर जेवायला बसले तर बिरडं गेलं नाही.

चंद्रहासने झोपायच्या आधी विचारलं, "तुला ठाऊक नव्हतं का गं?" मी म्हटलं, मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं. मी काही केलेलं नाही. फक्त बोलले नाही. दोन्हींत फरक आहे ना?

तुझी,
मीरा


हॉटेल पानवेल
२७ मार्च २००३

लूर्डस,

तुझं नऊ तारखेचं पत्र आज मिळालं.

मी सांगितलं नाही हे तुला तिथे समुद्रापलीकडे बसून कळलं. इथे घरात सात माणसं, कोणाला कळलं नाही. मला वाटलं होतं तू विचारशील, मीरा, तुला कसं वाटतंय. तू कुट्टींची गोष्ट सांगितलीस. बरोबर आहे, तूही खुर्ची घेणारीच. मला कागदबिगद लिहून देता येत नाही. माझं मन कुट्टींएवढं मोठं नाही.

तिकडे लढाई सुरू झाली म्हणतात. मस्कतपासून किती लांब आहे ते तेवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मीरा


मस्कत
८ एप्रिल २००३

प्रिय मीरा,

लढाई लांब आहे. इथे भाजी मिळते, दूध मिळतं, भीती फक्त टीव्हीवर.

रागव. तुझा हक्क आहे. पण तुझ्या दोन्ही पत्रांत तू स्वतःबद्दल जे लिहिलंयस त्याहून वाईट मी काही लिहिलेलं नाही.

एकच सांगते. मला कोठारात डोकावायचं होतं तेव्हा ते चार पावलांवर होतं. आता कुट्टींचं गाव कुठे आहे तेही मला माहीत नाही. चंदनसार वसईपासून फार लांब नाही.

तुझी,
लूर्डस


घर, राजोडी रस्ता
२६ मे २००३

प्रिय लूर्डस,

तुझं पत्र दहा दिवस पदराला बांधून फिरले. मग एका मंगळवारी कोणाला न सांगता चंदनसारला गेले. तिसरा मजला. दार स्वप्नानेच उघडलं. तिच्या आईने सरबत दिलं आणि समजूतदारपणे आत गेली.

मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. तोंडातून भलतंच आलं. "रविवारी फरशी धुतो हे मला आठवत होतं," म्हणाले.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, वहिनी. टेबलं आत येताना मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पट्ट्या बघितल्या आणि मान फिरवलीत. काय ते मला कळलं नाही, पण काहीतरी चुकतंय एवढं कळलं. तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं मी."

"मग का नाही विचारलंस?"

"तेच नको होतं मला." तिचा आवाज बारीक झाला. "त्या घरात भात किती टाकायचा ते तुम्हाला विचारायचं, नानांचं औषध तुम्हाला, विघ्नेशला काय आवडतं तेसुद्धा तुम्हाला. मला वाटायचं, एक तरी गोष्ट अशी असावी की लोक मला विचारतील. तुमचा हेवा वाटायचा मला."

लूर्डस, सतरा वर्षं त्या खुर्चीवर बसून मला हे कळलं नव्हतं, की ती उंच दिसते. मी सरबताचा पेला संपवून खाली ठेवला. मग मी म्हटलं, "ऊठ, बॅग भर."

घरी आल्यावर नानांना आणि चंद्रहासला समोर बसवून सांगितलं. सगळं सांगितलं, मान फिरवली तेसुद्धा. आत्याबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "पहिला घास अजाणता गेला, तो कोणाच्या माथी नाही. तू गप्प बसलीस ते तुझ्या माथी, तेही मी सोडलं. पण जिभेला ओळख पटली होती आणि तरी मी दुसरा घास घेतला गं. तो कोणाच्या माथी टाकू?" नाना तोंड फिरवून हसले. मला मात्र रडू आलं.

मग नानांनी निकाल दिला. पेटी परत आणायची. आणि पेटीपुढे जिला ती चालवता येते तिने बसायचं. "ही शिक्षा नव्हे, मीरा," असं दोनदा म्हणाले, म्हणजे थोडी असणारच. खुर्ची स्वप्नाची झाली. मला शेजारी प्लॅस्टिकची आणून दिलीय. तिच्यावर मी बसत नाही, टेबलांतून फिरते. लोकांना वाटतं मालकीणबाई स्वतः विचारायला येतात, त्यांना बरं वाटतं. मला अजून वाटत नाही. पोस्टमन काउंटरशी येतो, "टपाल" म्हणतो, आणि तिच्या हातात देतो. तेव्हा माझा हात अजून आपोआप पुढे होतो. ती सवय जाईल असं सगळे म्हणतात. बघू.

पट्ट्या आम्ही दोघींनी मिळून खरवडून काढल्या. सोपाऱ्याच्या त्या माणसाला विचारलं, आकड्याच्या जागी नाव चालतं का? तो म्हणाला, का नाही, अक्षरं थोडकीच बसतील, एवढंच. मग मी सांगत गेले आणि स्वप्ना टाइप करत गेली. दारातलं. तुळशीकडचं. फादरांचं. कुट्टींनी कागद लिहिला, मी तोंडाने सांगितलं. कोणाला तिखट चालत नाही तेही सांगितलं, ते तिने वहीत उतरवून घेतलं. हात आखडता घेतला नाही, विचार हवं तर तिला. नको, विचारू नकोस.

विहिरीकडच्या टेबलाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "लूर्डसचं."

तिने टाइप केलं. नीट छापून येतं का बघायला एक चिठ्ठी काढली. सोबत पाठवतेय, जपून ठेव. शाई पुसट आहे, पण वाचता येतं: "लूर्डसचं. वालाचं बिरडं एक." आता दर रविवारी थॉमस भर गर्दीत तुझं नाव घेतो आणि आतून चिठ्ठी वाचून कोणीतरी पुन्हा घेतं.

"लूर्डस कोण, वहिनी?" स्वप्नाने विचारलं.

"आहे एक जुनं गिऱ्हाईक," मी म्हटलं.

सगळं दिलं तिला. एवढं नाही दिलं. म्हणून यापुढे पत्र हॉटेलच्या पत्त्यावर पाठवू नकोस. वर लिहिलाय तो घरचा पत्ता, त्यावर पाठव.

तुझी,
मीरा